पाठमोरे आरसे

१

अण्णासो आवटी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात गेले, आणि श्रावणात त्यांचा हात आरशात दिसायला लागला.

हे मला त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, माझ्या सोप्यात बसून सांगितलं. मी तिला आधी पाणी दिलं आणि मग झापलं. मी बाळाबाई. उभी नोकरी कळंब्याच्या जेलात काढली, मुलाकतीच्या फाटकावर बायकांची झडती घेण्यात. कोण भाकरीत काय लपवून आणतं आणि कोण तोंडावर काय लपवतं, दोन्ही मला बघताक्षणी कळायचं. आता सत्त्याण्णव साली रिटायर होऊन घरी बसले, तरी खोड गेलेली नाही. भुतंखेतं मी मानत नाही. जेलात जिवंत माणसंच एवढी पुरतात की मेलेल्यांना घाबरायला सवड मिळत नाही.

शिवांजलीची नि माझी ओळख त्याच फाटकावरची. तिचा धाकटा भाऊ मृत्युंजय आत होता, बापाच्या खुनाच्या आरोपाखाली. ती दर खेपेला यायची, गपगुमान झडती द्यायची, आणि जाताना मलाच विचारायची, "मावशी, तो जेवतो का हो?" अशी पोर लक्षात राहते.

"मावशी, अप्पा परत आलेत," ती म्हणाली. "आधी नुसता डाग होता. मग बोटं दिसायला लागली. आता पुरता पंजा आलाय. कारखान्यात कुणी पाऊल टाकत नाही."

"दमट हवेचा डाग असेल. पुसून काढ."

"आतला आहे. पुसला जात नाही." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "डागाचं एक वेळ सोडा. हे तम्माला कळलं. तम्मा म्हणजे मृत्युंजय. आता तो म्हणतोय, अप्पा मलाच बोलवायलेत. गणपती झाले की कोर्टाची तारीख आहे. त्या दिवशी गुन्हा कबूल करणार म्हणतोय."

"त्यानं केलंय?"

"नाही."

"मग कबूल काय करणार? कपाळ?"

"म्हणतो, त्या संध्याकाळी मी दार फोडून आत गेलो असतो तर अप्पा वाचले असते. म्हणजे मीच मारलं की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. न केलेला गुन्हा कबूल करून आयुष्यभर आत बसलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या आया माझ्यासमोर म्हाताऱ्या झाल्या. मी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, दाखव तुझ्या बापाचा हात."

२

आवट्यांचं घर रविवार पेठेत, आणि मागच्या अंगणात आरशांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबोडकी कौलारू खोली. पण तिथून निघालेले आरसे इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या बंगल्यात आणि सांगली-बेळगावच्या मंगल कार्यालयांत टांगलेले. सागवानी कोरीव चौकट, काचेच्या कडा घासून उतरत्या केलेल्या, आणि आत वेलबुट्टी. नक्षी शिवांजली काढायची, चौकट केरबा सुतार कोरायचा, आणि काचेला चांदी चढवायचे ते अण्णासो. लोक पारा म्हणतात, पण असते ती चांदी.

मी आत पाऊल टाकलं आणि चारी भिंतींवरून बाळाबाया माझ्याकडं बघायला लागल्या. पुढून मी, कडेनं मी, एका कोपऱ्यात नुसती माझी पाठ. हललं की सगळ्या हलायच्या. एक मात्र जरा उशिरा हलल्यासारखी वाटली. काचेत बाक असेल, असं मी मनाला सांगितलं आणि तिच्याकडं पुन्हा बघितलं नाही.

समोरच्या भिंतीवर एक मोठा लांबट गोल आरसा होता, बिनचौकटीचा. उजव्या हाताला, खालच्या अंगाला, काळपट तपकिरी पंजा. तळवा, अंगठा, चार बोटं. पलीकडून कुणीतरी काचेला हात टेकून उभं राहावं तसा. करंगळीशेजारचं बोट एक पेर आखूड होतं.

"अप्पांचं ते बोट घासायच्या चाकात गेलं होतं," शिवांजली म्हणाली. "माझ्या जन्माआधी."

मी काचेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. डाग खरंच आत होता.

"ही त्यांची शेवटची काच," ती सांगायला लागली. "सकाळी अप्पा सापडले तेव्हा ही टेबलावर होती, चांदी चढवलेली. एरवी मागून लाल रंग देतात. मला त्यांच्या चांदीवर रंग फासवेना. नुसती पारदर्शक लाख लावली आणि टांगली."

"मग हात लावला असेल त्यांनी चांदी चढवायच्या आधी."

"तेच तर, मावशी. काच धुतली की तिला फक्त कडेनं धरायचं. मधे बोट लागलं की अंगाचं तेल राहतं. डोळ्याला दिसत नाही, पण तिथं चांदी नीट धरत नाही, आणि महिन्यांनी दमट हवेत काळी पडते. हे त्यांनीच आम्हाला मारून-मुटकून शिकवलं. चुकून हात लागलाच तर काच पुन्हा पहिल्यापासून धुवायचे. ते स्वतःचा पंजा उमटलेल्या काचेवर चांदी ओततील?" तिनं पंजाकडं बोट केलं. "म्हणून म्हणते, हा जिवंतपणीचा हात नाही."

मी त्या आखूड बोटाकडं बघत राहिले. पोरीचं म्हणणं निम्मं बरोबर होतं, आणि ते निम्मंच मला भुतापेक्षा जास्त झोंबलं.

३

पोलिसांचं गणित साधं होतं. अण्णासो थंडीच्या दिवसांत दुपार टळल्याशिवाय चांदीच्या कामाला हात लावत नसत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ती काच चांदी चढवलेली सापडली, म्हणजे ते दुपारनंतर जिवंत होते. केरबा तर दुपारी टेम्पोत आरसे घालून इचलकरंजीला गेला होता. संध्याकाळी मृत्युंजय आला, दारावर लाथा घातल्या, आरडाओरडा केला, हे शेजाऱ्यांनी बघितलं. बाप-लेकाचं भांडण जुनं. पोरगा लक्ष्मीपुरीतलं दुकान सांभाळायचा. तो म्हणायचा, गिऱ्हाईक आता बिनचौकटीचे आरसे मागतंय, कोरीव चौकटी बंद करा. बाप म्हणायचा, बिनचौकटीचा आरसा म्हणजे उघडा माणूस. आदल्या रात्री जेवणाच्या ताटावर दोघांचं ह्यावरूनच वाजलं होतं. मृत्युंजयचं सांगणं एवढंच की दार लागलेलं होतं, ओढलं की ते आपोआप लागतं, हाक मारली, अप्पांनी ओ दिली नाही, रागावलेत समजून तो निघून गेला. रागावले की अण्णासो कारखान्यातच झोपत, म्हणून रात्री कुणी बघायला गेलं नाही.

सकाळी अण्णासोंना पहिल्यांदा बघितलं ते बायडाबाईनं. ती आवट्यांच्या घरी स्वयंपाकाला. मी तिला चुलीपुढंच गाठलं.

"आदल्या दिशी दुपारी डबा घिऊन गेलते की," ती म्हणाली. "दार पुढं केल्यालं. भाईर केरबा टेम्पो भरायलाय. म्हणला, मालक काच धुऊन बसल्यात, आत जाऊ नगंस, धूळ जाती. मी डबा पायरीवर ठेवला आन आले. दुसऱ्या दिशी सकाळी गेले तर डबा तितंच. तवाच माझ्या काळजात धस्स झालं."

"आणि आत?"

"किल्लीनं दार उगाडलं तर मालक काच धुवायच्या दगडी डोणीच्या कडंला उताणं. डोक्याखाली रगात वाळल्यालं." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आन सांगू का, मला मढ्याचं न्हाय, त्या आरशांचं भ्या वाटलं. सगळं आरसं भिताडाकडं तोंड करून. एकात बी मालक दिसत न्हवतं. एवढं आरसं, आन मालकाकडं बघायला एक न्हाय."

"आरसे वाळायला तसेच ठेवतात," दारातून शिवांजली म्हणाली. "मागचा रंग ओला असतो ना, म्हणून पाठ बाहेर."

बायडाबाईनं मान हलवली. मला ते पटलं, आणि तिथंच मी चुकले.

"मालकांची तब्येत कशी होती?"

"हात लई कापायचं शेवट शेवट. कप धरवायचा न्हाय. च्या वाटीनं प्यायचं, दोनी हातांनी. भाकरी बी मीच कुस्करून द्यायची. पर कुणाला सांगू द्यायचं न्हाईत."

"अन् तसल्या हातांनी एवढ्या मोठ्या काचेवर चांदी?"

"कामाला बसलं की ठरत असल की हात. दार लावून घ्यायचं. आत फकस्त केरबा, काच धरायला."

मी तिची एक भाकरी खाल्ली आणि उठले. बाहेर आल्यावर शिवांजली म्हणाली, "मावशी, दादा आलाय. तो म्हणतोय, तो आरसा आत्ताच खरवडून टाकायचा."

४

दादा म्हणजे शिवकुमार, अण्णासोंच्या भावाचा मुलगा. शाहूपुरीत त्याचं केमिकलचं दुकान. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल नावाचा दगड, तो वाजताना मी कधी ऐकला नाही. मृत्युंजय आत राहिला तर कारखाना ह्याच्याकडंच येणार, हे सांगायला जोतिषी लागत नव्हता.

"मावशी, तुम्ही तरी समजवा हिला. पाठ खरवडायची, दहा मिनिटांचं काम आहे. डाग गेला की लोकांची तोंडं बंद."

"तुला एवढी घाई का?"

"डागाचं मुलाकतीला मीच बोलून बसलो मृत्युंजयपुढं," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं हसेल. तर तो कबुलीवर आला. आता डागच नाही म्हणून सांगितलं तर सुटेल डोक्यातून."

बरा बोलला. पण पुरावा खरवडायला निघालेला प्रत्येक जण बराच बोलतो. "तू कुठं होतास त्या दिवशी?"

"बेळगावात. माल आणायला. रात्री परत आलो." चिडला नाही, उलट हसला. "माझ्यावर संशय घ्या, हरकत नाही. पण मला चांदी चढवता येत नाही. औषधं विकतो, ओतता येत नाहीत. काकांनी कुणालाच शिकवलं नाही. मृत्युंजयला थोडंफार येतं, तेही बघून बघून."

"बरं, मला एक सांग. थंडीत दुपारचीच का चढवायची?"

"गार काचेवर चांदी पातळ बसते. पुढून बघितलं तर कळत नाही, पण उन्हापुढं धरली की आरपार निळं दिसतं. काकांना तसलं काम चालायचं नाही."

मी आरशाकडं वळले. आरशातल्या माझ्या खांद्यापाशी तो पंजा होता. क्षणभर वाटलं, खांद्यावर ठेवायलाच निघालाय. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. शिवकुमारही दोन पावलं मागं सरला होता.

"खरवडायचा नाही," मी म्हणाले. "तारखेपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही."

५

केरबा सुताराला मी आधीपासून ओळखत होते. मुलाकतीच्या दिवशी तोही यायचा, मृत्युंजयसाठी डबा घेऊन. डबा द्यायचा आणि पोराच्या पायाकडं बघत उभा राहायचा. फाटकावरचे शिपाई म्हणायचे, नोकर असावा तर असा. आमच्याच पन्हाळ्याकडचा माणूस, माझ्या माहेराला लागून त्याचं गाव, म्हणून मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

कारखाना बंद पडल्यावर तो गंगावेशीत एका फर्निचरवाल्याकडं कामाला लागला होता. गेले तेव्हा प्लायवूड कापत होता. कोरणारा माणूस प्लायवूड कापताना बघवत नाही.

"काय सांगू बाई," तो म्हणाला. "मी दुपारी निगालो तवा मालक काच धूत हुतं. कोरी काच हुती. मागारी येऊस्तवर रात झाली. सकाळी कळलं."

"काही बोलले का तुझ्याशी त्या सकाळी?"

"न्हाय. कामाच्या येळंला बोलत नसायचं."

"हात कापायचे म्हणे त्यांचे."

त्याची करवत थांबली. "म्हातारपण हाय. थोडंफार कापायचंच."

कोपऱ्यात एक जुनी चौकट उभी होती, पोपटाची. मी उगाच हात लावायला गेले तर तो धावला. "चोच जपा बाई. कोरीव बाजू कशाला टेकवायची न्हाय, चोच आधी जाती. कारखान्यात मी एकाला बी चौकटीचं तोंड भिताडाला लावू दिलं न्हाय कदी."

"शिवांजली म्हणते, त्या शेवटच्या आरशाला तू चौकट करून दिली नाहीस. एवढ्या वेळा मागितली तरी."

"मालकांनीच म्हणलं हुतं," तो पुन्हा करवत घेत म्हणाला. "हा बिनचौकटीचा ठेवायचा म्हणून."

मी घरी आले, चहा टाकला. काहीतरी टोचत होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. चपलेत खडा असावा आणि चप्पल झटकली की सापडू नये, तसलं.

६

गौरी बसायच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारची पोर सांगत आली, मागच्या आळीतल्या धोंडुबाई गेल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. माझ्या बाळंतपणात त्यांनीच मला शेकलं होतं. मी डोळे पुसले, उठले, आणि तिकडं जायच्या आधी भिंतीवरचा आरसा काढून उलटा टांगायला लागले.

आमच्यात हे करतात. माणूस गेलं की घरातला आरसा भिंतीकडं फिरवायचा. गेलेल्याचा जीव त्यात अडकतो म्हणतात. मी भूत मानत नाही, तरी करते. आई करायची, मी करते. हात आपोआप जातो.

आरसा हातात तसाच राहिला, कारण खडा सापडला होता.

मी धोंडुबाईंच्या दारी जाऊन आले आणि तशीच रविवार पेठ गाठली. शिवांजलीला विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा घरातले आरसे फिरवले होते?"

"नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात सुतकच नसतं, मावशी. अव्वाला बसवलं, भस्म लावलं, भजन केलं. आरशाचं काही नसतं आमच्यात."

"त्या दिवशी जे आरसे भिंतीकडं तोंड करून होते, त्यांचा रंग ओला होता?"

ती बोलायला लागली आणि थांबली. "नाही. त्यातले निम्मे तर तयार होते. मंगल कार्यालयाच्या ऑर्डरचे. चौकटीसकट." मग हळूच म्हणाली, "एका पोपटाची चोच मोडली होती. मला वाटलं, पोलिसांनी धक्का लावला."

"आदल्या रात्री तुझ्या भावाचं आणि अप्पांचं भांडण कशावरून झालं?"

"बिनचौकटीच्या आरशावरून. अप्पा म्हणाले, मी मेल्यावर काय करायचं ते कर."

"मग हा आरसा बिनचौकटीचा ठेवायचा, हे अप्पा केरबाला कधी बोलले?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मागं त्या खोलीतल्या सगळ्या शिवांजल्या माझ्याकडं बघत होत्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग एकदमच उडाला.

७

केरबाला निरोप धाडला की आरशाला आता चौकट करायचीच आहे, माप घ्यायला ये. तो आला तेव्हा सकाळचं ऊन अंगणात पडलं होतं आणि गल्लीतल्या मंडपात गाणी लागली होती. शिवकुमार आणि बायडाबाई पायरीवर बसली होती. मी आणि शिवांजलीनं आरसा भिंतीवरून उतरवून अंगणात आणला आणि उन्हापुढं उभा धरला.

काच निळी झाली. मळ्यातल्या विहिरीचं पाणी असतं तसली निळी. आणि त्या निळ्यात तो पंजा काळा, आखूड बोटासकट.

"पातळ बसलीय," शिवकुमार पुटपुटला. "गार काचेवर चढवलीय. ही दुपारची नाही."

केरबा दारातच थांबला होता.

"केरबा," मी म्हणाले, "मी सांगते. चुकलं तर बोल. सकाळची वेळ. काच धुऊन टेबलावर. अण्णासोंचा पंजा काचेवर पडला, आणि ते पुन्हा उठले नाहीत. उठले असते तर काच पुन्हा धुतली असती. म्हणजे चांदी दुसऱ्यानं चढवली, आणि सकाळच्या गारठ्यात. दुपारचा डबासुद्धा तसाच पायरीवर राहिला. मृत्युंजय सकाळपासून दुकानात गिऱ्हाइकांपुढं होता. तो संध्याकाळी आला तेव्हा अण्णासो कधीच गेले होते, म्हणून ओ आली नाही. सकाळी इथं तू एकटा होतास."

"मला कुटं येतीय चांदी चढवायला," तो म्हणाला.

"ज्याला वाटी दोन हातांनी धरावी लागते त्याला ओतता येत नाही. एवढे दिवस दाराआड ओतत कोण होतं? आत तर तूच असायचास. आणि आवट्यांच्या घरात मयताला कुणी आरसा फिरवत नाही. आपण फिरवतो. चोच जपणाऱ्या माणसानं स्वतःच्या चौकटी भिंतीला टेकवल्या, एवढा तू भ्यालास. राहिलं ते बिनचौकटीचं. ते अण्णासो तुला त्याच सकाळी बोलले, आधी बोलणं शक्यच नव्हतं. आणि मला म्हणालास, काही बोलले न्हाईत."

तो आरशाकडं बघत नव्हता. मग एकदा बघितलं. पंजा त्याच्याकडंच वळलेला होता. तो येऊन पायरीवर बसला, बायडाबाईच्या शेजारी. ती सरकली नाही.

"दोन वरसं मी त्येंचं हात झालतो," तो म्हणाला. "मालकांनी शपत घातलीवती, कुणाला सांगायचं न्हाय. न्हाय सांगितलं. बायकूला बी न्हाय. त्या दिशी काच धुवून झाली आन म्हणलं, केरबा, रातभर इचार केला. पोराचं बरुबर हाय. आता चौकटी बंद. हा आरसा बिनचौकटीचा करू, पोराला दाऊ, खूश हुईल. हसत हुतं. म्हणलं, मालक, मग मी काय करू? म्हणलं, तू हैस की, ओतायला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "माजी चौकट न्हाय, आन मी ओतायला. मी ढकाललं. एकदाच. त्येंनी काचंवर हात टेकला, हात घसारला, डोकं डोणीवर."

आरसा शिवांजलीच्या बाजूला कलला. मी माझ्या बाजूनं घट्ट धरला.

"मग आरसं. जिकडं बघावं तिकडं मालक पडल्यालं दिसायचं. सगळीकडनं. मी सगळं फिरवलं. आन काच तशीच धुतल्याली. धुतल्याली काच तशी ठेवत न्हाईत, बाई. हात आपसूक गेलं. ओतली. चांदी धरली तवा कळलं मी काय करायलोय. तेवड्यात टेम्पो आला."

"आणि पोरगं आत गेलं तेव्हा?" मी विचारलं.

"पोलीसच म्हणलं सांच्याला झालं. मी काय बोललो न्हाय. आज बोलू, उद्या बोलू." तो रडत नव्हता, त्यानंच जास्त त्रास होत होता. "दर मुलाकतीला बोलायलाच जायचो."

तो आपला आपण उठला. जाता जाता दारात थबकला आणि शिवांजलीला म्हणाला, "ताई, तेवडा आरसा फिरवा." तिनं फिरवला नाही.

८

मृत्युंजय नवरात्रात सुटला. फाटकापाशी मी होते, शिवांजलीसोबत. हाडं राहिली होती नुसती. रिक्षात बसल्यावर तिनं त्याला केरबाचा जबाब सांगितला. खुनाचं त्यानं नुसतं ऐकून घेतलं. पण रातभर इचार केला, पोराचं बरुबर हाय, हे ती म्हणाली तेव्हा त्यानं रिक्षा थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिला.

त्यानंतर आरशातला हात वाढला नाही. शिवकुमार म्हणतो, पाऊस संपला, हवा कोरडी झाली. असेल.

दिवाळीनंतर कळंब्याहून एक चौकट आली. तिथल्या सुतारखात्यात केरबाला घेतलं होतं. माप कुणी दिलं नव्हतं, पण लांबट गोल, तंतोतंत. वेल, कळ्या, वर पोपट, चोच साबूत. आणि उजव्या अंगाला खाली एक रुंद पान कोरलेलं, आतल्या बाजूला झुकलेलं. चौकट लावली की ते पान बरोबर पंजावर येणार होतं. घेऊन आलेल्या शिपायानं निरोप सांगितला, "म्हणलाय, डाग झाकंल."

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, झाकू?"

केरबाला जेलच्या फाटकापर्यंत मीच पोचवलं होतं, आणि आता त्या चौकटीवरून माझाच हात फिरत होता.

मृत्युंजय घरी आल्यापासून आरशापुढं गेला नव्हता. दाढीसुद्धा चाचपडत करायचा. तो उठला, आरशापाशी गेला आणि त्या पंजावर आपला पंजा ठेवला. बोटं जुळली, एक सोडून. तो तसाच उभा राहिला, आणि आरशात त्याच्या तोंडावर काय चाललंय ते मी बघायचं टाळलं.

मग त्यानं फळीवरची केरबाची जुनी पटाशी घेतली, चौकट मांडीवर घेतली आणि तेवढं पान कोरून काढलं. बाकी सगळं राहू दिलं.

"चौकट लाव, अक्का," तो म्हणाला. "फक्त हात झाकायचा नाही."